मेजर की मायनर

त्रोल्स बेस गिटार नुसतं ऐकून, कानानेच शिकला होता. बँडमधली पियानोवाली बिरगिट गाण्याआधी त्याची पट्टी ‘ई मायनर’, ‘जी मेजर’ अशी सांगायची आणि अकरा वर्षं हा समजल्यासारखी मान डोलवायचा. शेवटी लाज वाटून तो संगीतशास्त्राचं पुस्तक निवडायला ऑर्हुस शहरातल्या पुस्तकांच्या दुकानात गेला. नवशिक्यांच्या कपाटापाशी बिरगिटच उभी होती. तिने हातातलं पुस्तक पटकन पाठीमागे लपवलं.

“अगं, मग तू ते मेजर-मायनर काय सांगायचीस?”

“तोंडाला येईल ते. मीही कानानेच वाजवते रे. तू इतक्या ठामपणे मान डोलवायचास, मला वाटलं, बरोबरच असणार.”

हसून हसून दोघांनी तिथेच जमिनीवर बसकण मारली.

“ड्रमवाल्या येप्पेला सांगूया?” डोळे पुसत बिरगिटने विचारलं.

“नको गं. तो अकरा वर्षं ते सगळं वहीत लिहून घेतोय.”