कुंपणावरची जुई

नवसाबाईने ओटी सोडून कळ्या सुपात ओतल्या आणि मग तिच्या लक्षात आलं. कपाळाला हात लावून ती मागच्या पायरीवर बसली.

अंधार असतानाच ती परसातल्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली होती, ती राखण करायला. तिच्या नवऱ्याने, कोंडाजीने, जुईला हात लावू नये म्हणून. कोंडाजी उठला, तोंड धुतलं, तिच्याकडे एकदा बघितलं आणि मुकाट मळ्यात गेला. आणि या राखणदारणीने उभ्या उभ्या, सुनेच्या डोहाळजेवणाला कुणाकुणाला बोलवायचं याचा विचार करता करता, सगळं कुंपण खुडून काढलं.

सून प्रतिभा चहा घेऊन आली. सुपाकडे बघून तिने हसू दाबलं.

"आत्या, आज मामांनी नाही का?"

"मीच," नवसाबाई म्हणाली. "मेले हे हात."

मखमलाबादच्या त्या मळ्यात अर्धा एकर जुई होती आणि नवसाबाई चाळीस वर्षं तिच्या कळ्या खुडत आली होती. जुईची कळी सकाळीच खुडायची आणि उन्हं चढायच्या आत नाशकाच्या फुलबाजारात पोचवायची. ती उमलते संध्याकाळी, पण तोवर कुणाच्या तरी गजऱ्यात गेलेली असते. लग्न होऊन आल्यापासून नवसाबाईने झाडावर फुललेली जुई अशी पाहिलीच नव्हती. नजरचुकीने राहिलेली एखादी, तेवढीच. दोन वर्षांपूर्वी तिने हे नवऱ्याला सांगितलं आणि परसात एक वेल नुसता बघायला लावू म्हणाली, तेव्हा तो हसला होता.

"विकायची नाय, तर लावायची कशाला?"

चार दिवसांनी मात्र परसात ठोकाठोकी सुरू झाली. तिथलं कुंपण म्हणजे काटेरी तार आणि तिच्यावर टाकलेल्या खताच्या फाटक्या गोण्या. पलीकडे प्लॉट पडून बंगले उठले होते आणि तिथल्या गॅलरीतून आपल्या गोण्या दिसतात याची नवसाबाईला लाज वाटायची. कोंडाजीने गोण्या काढल्या. टोमॅटोचे जुने बांबू चिरून त्यांची चौकटी-चौकटीची जाळी बांधली. बैलगाडीचा उरलेला निळा रंग तिला फासला. तो पुरला नाही, म्हणून डावीकडचा तुकडा कोराच राहिला. बायकोसाठी काही केलं की कोंडाजी पुढचे आठ दिवस तिच्याशी नीट बोलत नसे. तेव्हाही बोलला नाही.

वेल चढला, जाळी दिसेनाशी झाली आणि यंदाच्या श्रावणात कळ्यांनी लगडली. पण रोज सकाळी मळ्यात जाता जाता कोंडाजी कुंपणाशी जरा थांबायचा आणि पुढे जायचा तो उपरण्यात कळ्या घेऊनच. "आता नाय," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भांडण झालं, अबोला झाला. आज तर नवसाबाईला भांडायलाही तोंड उरलं नव्हतं. बहार सरत आला होता आणि पुढच्या वर्षाचं कुणी पाहिलंय, असं तिला या वयात वाटायला लागलं होतं.

शेवटी प्रतिभानेच कारभार हातात घेतला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिने दोघांना पुढच्या दाराने मळ्यात धाडलं आणि मागच्या दाराला कुलूप घातलं. ते उघडलं थेट दिवस कलल्यावर.

दोघं परसात बाजेवर जाऊन बसली. समोर कुंपण कळ्यांनी पांढरं झालं होतं. एकही अजून उमलली नव्हती.

"लय माल हाय," कोंडाजी म्हणाला.

"बघायला हाय."

"सकाळपर्यंत समदा गळून जाईल."

"गळू द्या की."

जरा वेळाने नवसाबाईचा हात आपसूक जाळीकडे गेला. कोंडाजीने तो वरच्या वर धरला.

"तुझ्या हाताचा भरवसा नाय."

"अन् तुमच्या?"

कोंडाजीने आपल्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. तो खरंच चुळबुळत होता. त्याने तोही तिच्या हातात दिला. चाळीस वर्षांत दोघांनी असे हात धरले नव्हते. धरायला ते रिकामे कधी होते?

पलीकडच्या गॅलरीत कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं. नवसाबाई संकोचली.

"त्या बाया बघत्यात."

"बघंनात. कळ्या तर वाचतील."

ऊन गेलं. डावीकडच्या कोऱ्या तुकड्यावरची एक कळी उमलली, मग तिच्या शेजारच्या दोन. नंतर कुठली कधी उमलली ते कळेना. वास मात्र एकाएकी सगळ्या परसात भरला. नवसाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने खांद्याला गाल घासला.

"अशी दिसती व्हय," ती म्हणाली.

कोंडाजीलाही ती पहिल्यांदाच दिसत होती.

दिवेलागण झाली. आत प्रतिभाने भाजी फोडणीला टाकली. कुंपणावर आता मिटलेलं असं काही शोधूनही सापडलं नसतं.

"उमलल्या समद्या," नवसाबाई म्हणाली. "सोडा आता हात."

कोंडाजीने कुंपण वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"थांब," तो म्हणाला. "खाली येक राहिलीय अजून."