पानं किती धरू?

"काकू, पानं किती धरू?" आचाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं आणि प्रमिलाकाकूंचं डोकंच फिरलं. यजमानांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं आमंत्रण देऊन पंधरा दिवस झाले होते. एकाने धड उत्तर दिलं असेल तर शपथ.

दीर म्हणाले, "बघतो, जमलं तर." भाची म्हणाली, "कळवते." घरच्या ग्रुपवर तर बत्तीस जणांनी नुसते हात जोडले होते.

"हात जोडले म्हणजे येताय की सुटका मागताय?" काकू फोनकडे बघत कडाडल्या. "हो नाहीतर नाही, एवढं सांगायला यांची जीभ झिजते?"

तेवढ्यात तोच फोन वाजला. तीन वर्षांपूर्वी लेकापासून घटस्फोट घेऊन गेलेली सून बोलत होती.

"आई, मला आमंत्रण नाही, ठाऊक आहे. पण बाबांना नमस्कार करायला पाच मिनिटं येऊन जाऊ का? नको असेल तर सरळ नाही म्हणा. मला राग येणार नाही."

काकूंनी समोर बसलेल्या लेकाकडे पाहिलं, मग आतल्या खोलीत झोपलेल्या यजमानांकडे. आचारी पेन उघडून उभाच होता.

"बघते," त्या पुटपुटल्या. "कळवते."