दुभाष्या

पाच वर्षांपूर्वी भीमाबाईंचं नुसती गाठ काढून आणि रेडिएशन घेऊन भागलं होतं. आता त्याच स्तनात कॅन्सर परत आला, म्हणून हेरंब आईला गाझियाबादहून दिल्लीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आला. आईला हिंदी कळत नाही, तेव्हा दुभाष्या तोच.

"इस बार पूरा ब्रेस्ट निकालना पड़ेगा," डॉक्टर म्हणाल्या. "लेकिन मांजी चाहें तो उसी ऑपरेशन में पेट की चर्बी लेकर नया बना देंगे."

हेरंब कानापर्यंत लाल झाला. "आई, या वेळी सगळंच काढावं लागेल म्हणतात," एवढंच सांगून तो थांबला. सासष्टाव्या वर्षी आईला बाकीचं हवंय कशाला, असं त्याला वाटलं.

भीमाबाई थेट डॉक्टरांकडे वळल्या. "मॅडम, बेटा शरमाता है. आप नया वाला बना दीजिए. और पेट से ज़रा ज़्यादा ही निकालिए."

डॉक्टर खळखळून हसल्या. हेरंबने आ वासला. "आई, तुला हिंदी येते?"

"हळू बोल! सूनबाईला कळू देऊ नकोस. माझ्यासमोर बसून ती फोनवर तिच्या मम्मीला हिंदीत माझ्याबद्दल जे जे सांगते ना, ते ऐकायला फार मजा येते."