एकेकीने या

"एकेकीने या," विमानतळावरच्या काचेमागचा अधिकारी म्हणाला आणि दोघी बहिणींची पंचाईत झाली.

आजवर त्या कुठल्याही खिडकीसमोर जोडीनेच उभ्या राहिल्या होत्या. दोघींचे पासपोर्ट थोरलीच्या पर्समध्ये असत. ती ते एकदम पुढे सरकवी आणि एकदम परत घेई, त्यामुळे कुठला कुणाचा हे बघायची वेळच कधी आली नव्हती. आताही तिने न उघडताच एक पासपोर्ट धाकटीच्या हातात कोंबला.

"जा पुढे. घाबरतेस काय? कामाचा व्हिसा आहे आपला, फुकट खायला नाही आलो."

थोरली आणि धाकटी हे आपलं म्हणायचं. होत्या जुळ्याच. थोरली तेवढी आधी बाहेर आली होती आणि तेव्हापासून दोघींच्या वतीने तीच बोलत होती.

धाकटीने काचेच्या पट्टीवर बोटं टेकवली. लाल दिवा लागला. अधिकाऱ्याने तिला बोटं पुसायला लावली. पुन्हा लाल.

"या बाई तुम्ही नाही," पासपोर्टवरच्या फोटोवर बोट ठेवत तो म्हणाला.

 सवयीने धाकटीने मागे बहिणीकडे पाहिलं.

"तिकडे नाही, इकडे बघा. नाव सांगा."

तिने सांगितलं. ते पासपोर्टवर नव्हतं.

"चेहरा जुळतोय. नाव जुळत नाही, व्हिसाच्या वेळी घेतलेले ठसे जुळत नाहीत." त्याचा आवाज चढला नाही, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. "दुसऱ्याच्या पासपोर्टवर या देशात शिरणं हा गुन्हा आहे. पुढच्या विमानाने परत पाठवतील. पुन्हा व्हिसा मिळणार नाही. काम काय करता?"

"हॉस्पिटलच्या लाँड्रीत असतो. चादरी, गाऊन, सगळं. आम्ही दोघी." घर दोघींच्याच पगारावर चाललं होतं. महिनाभराची सुट्टी घालवून, वडिलांना 'काळजी करू नका' म्हणून निघालेली ती, आता कुठल्या तोंडाने परत जाणार होती?

"दोघी म्हणजे?"

धाकटीने नुसताच मागे हात केला. अधिकाऱ्याने मान वर केली. पिवळ्या रेषेपलीकडे तोच चेहरा, तसाच पांढराफटक पडलेला. दिवसभर माणसं बघून विटलेला तो माणूस खुर्चीतून अर्धवट उठला, एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने थोरलीलाही बोलावलं.

थोरली आली ती बोलतच. "साहेब, पासपोर्टची अदलाबदल मी केली. चूक माझी, हिला काही बोलू नका. अहो, आमची आईसुद्धा फसायची. दोघींना ताप आला तर हिलाच दोनदा औषध पाजलं तिने, मी बसले आपली फणफणत!"

अधिकारी हसला नाही, पण त्याने थोरलीच्या हातातला पासपोर्ट मागून घेतला आणि धाकटीला पुन्हा बोटं ठेवायला सांगितलं. हिरवा दिवा लागला. मग थोरलीने ठेवली. तिचाही हिरवा.

"हुश्श!" थोरलीने कपाळावरचा घाम पुसला. "चल गं."

धाकटी जागची हलेना. "साहेब, परत एकदा करू?"

"आता कशाला?"

"बघायचंय मला."

"अगं बये, सुटलो ना आपण? खेळणं आहे का ते?" थोरली तिचा दंड ओढू लागली.

पण अधिकाऱ्यालाही बहुधा बघायचंच होतं. त्याने थोरलीची नोंद उघडली. धाकटीने बोटं ठेवली, लाल. मग तिची स्वतःची उघडली. हिरवा. धाकटी त्या दिव्याकडे बघतच राहिली. शाळेत थोरलीच्या खोड्यांबद्दल हिने छड्या खाल्ल्या होत्या. लग्नकार्यात मावश्या 'तू कुठली गं?' विचारायच्या आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जायच्या. आणि ज्या मुलखात त्यांना काळं कुत्रं ओळखत नव्हतं, तिथल्या या वीतभर काचेला पापणी लवायच्या आत कळत होतं की ही ती नव्हे, ही ही आहे. तिच्या अंगावर काटा आला. यंत्राला हात जोडावेत असं तिला खरोखर वाटलं.

"हे कामाने होतं का हो? इस्त्रीच्या चटक्यांनी?" तिने विचारलं.

"छे. आईच्या पोटातच उमटतात ठसे. जन्माच्या कितीतरी आधी."

"पण आम्ही एकाच पोटात होतो."

"तरीही," तो म्हणाला आणि दोन्ही पासपोर्टवर शिक्के मारून त्याने जिचा तिला दिला.

सामानाच्या पट्ट्यापाशी दोघी उभ्या राहिल्या. एव्हाना थोरलीने अधिकाऱ्याची नक्कल करून हसवलं असतं, पण आज तिने अचानक धाकटीचा हात धरला, अंगठा उजेडाकडे वळवला आणि आपला अंगठा शेजारी लावून निरखू लागली. त्यांच्या बॅगा समोरून निघून गेल्या. कुणीच हात पुढे केला नाही.

"मला आपलं कायम वाटायचं, आधी आईच्या पोटात मी एकटीच होते आणि मग माझेच दोन झाले," थोरली हलक्या आवाजात म्हणाली.

"मग?"

"मग काय..." तिचे डोळे भरून आले होते. "तिथल्या अंधारात माझ्या सोबतीला खरंच कुणीतरी होतं गं."