घड्याळाचा हात

अंगणाच्या मधोमध हमदुल्ला डावा हात छातीसमोर आडवा धरून स्वतःभोवती हळूहळू फिरत होता. पडवीत बोंबील निवडणाऱ्या फरिदाला नवऱ्याचं हे नाटक बघून हसू येत होतं. सून यशरा मोबाईलवर वाचून सांगत होती, "सावकाश, अब्बा. होकायंत्र जुळवायचं तर असंच फिरावं लागतं. आणि होडीच्या त्या नांगरापासून लांब. लोखंड जवळ असलं की उत्तर दिशा चुकते."

"मला शिकवतेस? उभी हयात जहाजावर गेली माझी."

त्याच्या मनगटावरचं घड्याळ कालच कतारहून आलं होतं, आणि सोबत मुलाची, हुझैफाची, अटही. गेल्या थंडीत धुक्यात अब्बांची होडी खाडीत वळायची ती भर समुद्राकडे गेली. पुढे एकदा ओहोटी लागल्याचं भान राहिलं नाही आणि ती रेतीत रुतून बसली. आता दिशेला होकायंत्र, परतायच्या वेळेला अलार्म. दोन्ही जमलं तर अब्बांनी खुशाल गरी टाकून मासे धरायला जावं. नाहीतर होडी विकायची. पोरगा राहतो लांब, पण हुकूम सोडतो शेजारच्या खोलीतून सोडावा तसा.

होडी गेली तर हा माणूस महिन्याभरात म्हातारा होईल, हे फरिदाला पक्कं ठाऊक होतं.

हमदुल्लाने बटण न दाबताच पश्चिमेकडे बोट केलं. मग बटण दाबून घड्याळात पाहिलं. दोघांचं एकमत झालं. "बरोबर सांगतंय हां," तो म्हणाला. जशी काही परीक्षा घड्याळाचीच होती.

यशराने त्याचं मनगट धरून एका मिनिटानंतरचा अलार्म लावला. हात खाली सोडून हमदुल्ला खाडीकडे बघत उभा राहिला.

अलार्म वाजला. बारीक, टोकदार. कुंपणावरचं मांजर दचकून उठलं. हमदुल्ला मात्र तसाच उभा. जरा वेळाने म्हणाला, "अजून वाजला नाही गो. किती उशीर?"

यशराने सासूकडे पाहिलं. फरिदाचे हात थांबले. दारची बेल वाजली तरी हा हलत नाही, फोन उशाशी वाजत राहतो, सगळं ऐकून कानाडोळा करतो म्हणून वर्षभर ती त्याच्याशी भांडत आली होती. मुद्दाम नव्हतं तर ते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

यशराने पुन्हा लावला. पुन्हा वाजला. या वेळी हमदुल्लाला दोघींचे चेहरे दिसले. त्याने मनगट कानाशी नेलं, मग डोळ्यांसमोर धरलं. आकडे लुकलुकत होते.

"बिघडलंय हे," तो म्हणाला.

यशराने नाही अशी मान हलवली. मग त्यालाही समजलं. तो घड्याळाचा पट्टा सोडू लागला. "हुझैफाला कळव. होडीला गिऱ्हाईक बघ म्हणावं."

"राहू दे ते हातात." फरिदा उठली. हात धुतले, ओढणी डोक्यावर घेतली आणि चपला पायात सरकवल्या. "यशरा, परतायचा अलार्म लाव. चला, भरती हाय तोवर निघू."

"तू? तुला होडी लागते. रेवसच्या लाँचमध्ये पण डोळे मिटून बसतेस."

"लागू दे."

धक्क्यावर जाळी विणणारी माणसं बघतच राहिली. मोहल्ल्यातली कुणी बाई अशी नवऱ्यासोबत गरी टाकायला निघालेली त्यांनी पाहिली नव्हती. होडी हलली तशी फरिदाने फळीची कड घट्ट धरली. काठावरून यशरा ओरडली, "अम्मी, ह्यांना कतारला काय सांगू?"

"सांग त्याला, तुझ्या अम्मीला ऐकू येतं!"

हमदुल्लाने इंजिन चालू केलं. फरिदा सरकत सरकत त्याला खेटून बसली आणि त्याचं डावं मनगट तिने दोन्ही हातांनी आपल्या मांडीवर धरून ठेवलं.

"फरिदा," तो कानकोंडा होऊन म्हणाला, "माणसं बघतात."

"बघू देत," ती त्याच्या कानाशी ओरडली. "एवढ्या आवाजात लांबून अलार्म मला तरी कसा ऐकू यायचा?"

हमदुल्लाने उजव्या हाताने होडी वळवली. डावा काही त्याने सोडवून घेतला नाही.