ऑटो ट्रिमवाला

“ऑटो ट्रिमवर उडवणारा पायलट नसतो, पॅसेंजर असतो!” नामानं खुर्ची मुद्दाम दणकन आपटली.

दामाजीनं धाकट्या भावाकडं पाहिलंसुद्धा नाही. “तू तुझं नाक सांभाळ. विमानाचंही.”

कल्याणातलं हे गेम पार्लर दोघांचं होतं. ह्या डावानंतर एकाचंच राहणार होतं. ज्याचं विमान पडेल त्यानं किल्ली ठेवून चालू पडायचं. दोन सेकंडहँड पेंटियम कॉम्प्युटर एका वायरीनं जोडलेले, पडद्यावर महायुद्धातली दोन लढाऊ विमानं आणि खाली नुसता समुद्र.

वेग बदलला की विमानाचं नाक वर उठतं, नाहीतर खाली झुकतं. दामाजीच्या विमानाचं नाक ऑटो ट्रिमवर मशीनच सावरत होतं. नामा मात्र एका हातानं स्टिक धरून दुसऱ्यानं ट्रिमची बटणं दाबत, घाम गाळत उडवत होता. आणि उडवत होता झकास! वरून सूर मारून तो थेट दामाजीच्या शेपटीला लागला.

“दादा, किल्ली काढ.”

दामाजी पाण्यालगत पळाला. मागून गोळ्या आल्या, पंखातून धूर निघाला. नामाची ट्रिम अजून सूर मारताना लावलेलीच होती. नाक खाली ओढत होतं, पण बटणाकडं बघायला फुरसत कुणाला? त्यानं मनगटाच्या जोरावर स्टिक मागं खेचून धरली होती. आता एकच फैर पुरे होती.

शेजारच्या देवळात हरिपाठ संपत आला होता. टाळ थांबले आणि बुवांनी आरोळी दिली, “पुंडलिक वरदे...”

कीर्तनकाराची पोरं ती. आईच्या मांडीवर असल्यापासून त्या आरोळीला हात आपसूक वर जायचे. दोघांचेही गेले.

“हरी विठ्ठल!”

हात खाली येईपर्यंत नामाचं विमान समुद्रात गेलेलं.

मग नामानं खिशातली किल्ली काढून कीबोर्डवर फेकली.

“नाम्या, हा डाव धरायचा नाही,” दामाजी चाचरत म्हणाला. “पुन्हा खेळू.”

“पुन्हा?” नामा दारातून वळला. “आत्ता तरी तू कुठं खेळत होतास?”

दार धाडकन लागलं. पडद्यावर दामाजीचं विमान, कुणाचाही हात नसताना, सरळ रेषेत पुढं चाललं होतं.