चौथा फर्मा

वडिलांनी घसा खाकरला आणि नव्या प्रार्थनेच्या पुस्तकाची पहिली प्रत उघडली. बाइंडिंगच्या दुकानाचा हा नेमच होता. कादंबरी असली तर नुसते पानांचे आकडे बघायचे; देवाचं पुस्तक मात्र पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून तपासायचं, आणि मध्ये थांबायचं नाही.

मुलगी खाली मान घालून पुठ्ठ्यांना खळ लावत होती. छापखान्यातल्या मशीनवाल्याशी लग्न करायचंय आणि तो दुसऱ्या धर्माचा आहे, हे तिनं सांगितल्याला आठ दिवस झाले होते. तेव्हापासून वडिलांनी तिच्याशी अबोला धरला होता. काही सांगायचं झालंच, तर शिलाईला बसलेल्या आत्याला मध्ये घालायचे. "तिला म्हणावं, खळ पातळ झालीय." आणि मुलगी बसलेली असायची जेमतेम दोन हातांच्या अंतरावर. मशीनवाल्याला तर दारच बंद. बिचारा छापलेले गठ्ठे पायरीवर ठेवून निघून जाई.

अठ्ठेचाळिसावं पान संपत आलं. "हे दयाघना, माझे चित्त..." वडिलांनी पान उलटलं आणि त्याच भक्तिभावानं पुढे वाचलं, "त्याच्या कुरळ्या केसांत गुंतून पडलं होतं."

आत्याची सुई जागच्या जागी थांबली.

सवयीच्या भरात वडील आणखी चार ओळी तसेच वाचत गेले. नायकाच्या खांद्यापर्यंत पोचल्यावर ते अडखळून थांबले.

मुलीला आपली चूक उमगली. छापखान्यातून एका कादंबरीचेही फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, बांधायला येत होते. दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, दोन्हींच्या चौथ्या फर्म्यावर खाली चाराचा आकडा. फर्मे जुळवताना पायरीवर ओळखीची पावलं वाजली होती, आणि कादंबरीची सोळा पानं देवाच्या पुस्तकात जाऊन बसली होती. आता बाबा कसले ऐकतायत, तिला वाटलं.

"थांबलास का रे दादा?" आत्या म्हणाली. "मध्ये थांबायचं नसतं ना?"

वडिलांनी बहिणीकडे डोळे वटारून पाहिलं. मग ते मनातल्या मनात वाचू लागले. बावन्न. सत्तावन्न. साठ. पुठ्ठ्यांवरची खळ सुकली, तरी कुणी हललं नाही.

चौसष्टावं पान संपलं. त्यांनी मान वर केली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा सरळ मुलीलाच विचारलं, "ही कादंबरीतली पोरगी त्या परधर्मातल्या मुलासाठी आपला देव सोडते का?"

"इथपर्यंत तरी नाही," ती म्हणाली. मग धीर करून, "मीही नाही सोडणार, बाबा. त्यानं तसं कधी मागितलंच नाही."

वडिलांनी पुन्हा त्या पानाकडे पाहिलं.

"आणि तिच्या बापाचं काय होतं?"

"ते पाचव्या फर्म्यात असेल. तो अजून छापून यायचाय."

"कधी येणार?"

"मशीनवाल्याला विचारावं लागेल," आत्याच बोलली, दोऱ्याला गाठ मारत.

"मग विचारून ये," वडील मुलीला म्हणाले. "छापून झाला असेल तर घेऊन ये म्हणावं त्याला. आणि पायरीवर ठेवायचा नाही. आत यायचं."

ती खळीच्या हातांनीच पळाली. वडील चौसष्टाव्या पानात बोट घालून, दाराकडे बघत बसून राहिले.